श्वास घेण्याआधी सोडायला शिका

प्रश्न : माझे वय ४७ आहे. पुण्यात एका बँकेत नोकरी करते. पाच आठवड्यांपासून महापालिकेच्या तलावावर महिलांच्या सकाळच्या बॅचला जाते. फळी धरून पाय मारता येतात, हातही बरे जमतात. परंतु हात, पाय आणि श्वास एकत्र करायची वेळ आली की दहा-बारा मीटरमध्येच छाती भरून येते, धाप लागते आणि मी घाईने उभी राहते. माझ्याबरोबर सुरुवात केलेल्या मुली आता २५ मीटर पार करतात. मी गेली आठ वर्षे नियमाने प्राणायाम करते, कुंभकही, म्हणजे श्वास रोखून धरणेही, बराच वेळ टिकते, त्यामुळे अडचण श्वासाचीच येईल असे वाटले नव्हते. नऊ वर्षांची असताना वाईच्या घाटावर पाय घसरून कृष्णेत गटांगळ्या खाल्ल्या होत्या. ती भीतीच वर येते आहे, की माझी फुप्फुसे कमकुवत आहेत? नाकाला चिमटा लावू का? या वयात हे जमेल का?
— एक वाचक, पुणे

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र वाचताना तीन शब्दांपाशी मी थांबले : ‘छाती भरून येते’. छाती रिकामी पडते असे तुम्ही लिहिलेले नाही, हवा पुरत नाही असेही लिहिलेले नाही. तुम्हाला जे जाणवते तेच तुम्ही प्रामाणिकपणे लिहिले आहे, आणि माझ्या मते तुमच्या अडचणीचे मूळ तिथेच आहे. दमा, हृदयविकार किंवा रक्तदाब यांपैकी काही असेल, अथवा जिने चढतानाही अशीच धाप लागत असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. ती खबरदारी पोहायला येणाऱ्या प्रत्येक प्रौढाने घ्यावी. परंतु जमिनीवर त्रास नाही आणि पाण्यात दहा मीटरवर दम संपतो, असे असेल तर दोष बहुधा फुप्फुसांचा नसतो. आत घेतलेली हवा तुम्ही वेळेवर सोडत नाही, एवढेच घडत असते.

तोंड पाण्याखाली असताना नवशिका माणूस श्वास धरून ठेवतो. कोणी सांगितले नाही तरी धरतो, कारण पाणी आत जाऊ नये म्हणून शरीर तसेच करते. मग मान वळवून तोंड बाहेर काढले की त्या अर्ध्या-पाऊण सेकंदात त्याला दोन कामे करायची असतात : जुनी हवा बाहेर टाकणे आणि नवी आत घेणे. दोन्ही कामे तेवढ्या वेळात होत नाहीत. थोडीशी हवा बाहेर जाते, तेवढीच आत येते आणि खालचा मोठा साठा तसाच शिळा राहतो. दुसऱ्या श्वासाला तेच, तिसऱ्याला तेच. श्वास घ्यावासा वाटण्याची जी अनावर ओढ असते ती मुख्यतः ऑक्सिजन कमी झाल्याने निर्माण होत नाही. रक्तात कार्बन डायऑक्साइड साचल्याने होते. त्यामुळे छाती हवेने फुगलेली असतानाही आपण गुदमरतो आहोत असे तीव्रतेने वाटते आणि माणूस आणखी हवा आत ओढू पाहतो, जिला आत जागाच नसते. तुमच्या दहा-बारा मीटरमध्ये असे चार-पाच अर्धवट श्वास होत असतील. त्यानंतर उभे राहण्यावाचून गत्यंतर नसते.

हे मी स्वतः अनुभवले आहे. मी विहिरीत पोहायला शिकले, पाठीला पत्र्याचा रिकामा डबा बांधून. दोराचे दुसरे टोक काठावर उभ्या असलेल्या काकांच्या हातात असायचे. गावाकडे पोहणारी बहुतेक माणसे पोहतात तशी आम्ही सगळी मुले मान पाण्याबाहेर काढून पोहत असू. त्या पद्धतीत श्वासाचा प्रश्नच उभा राहत नाही, कारण नाक आणि तोंड सतत हवेत असते. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी शहरातल्या तलावात मी पहिल्यांदा तोंड पाण्यात घालून हात मारू लागले आणि पंधरा मीटरवर धापा टाकत कठड्याला धरून उभी राहिले. इतकी वर्षे मी पाण्यात श्वास घेत होते, पण पाण्यात श्वास सोडलेला मात्र कधीच नव्हता. तेव्हापासून प्रौढांना शिकवताना माझा पहिला धडा हाच असतो आणि तो पक्का होईपर्यंत मी हातांच्या वळणाकडे फारसे लक्ष देत नाही.

आता तुमच्या प्राणायामाविषयी. तुमची आठ वर्षांची साधना वाया गेलेली नाही. छातीचे आणि पोटाचे स्नायू कसे हलतात याची तुम्हाला इतरांपेक्षा चांगली जाण असणार. परंतु तुम्ही जे चांगले करता तेच पाण्यात आड येते आहे. पूरक (श्वास आत घेणे) नाकाने, मग कुंभक, मग रेचक (श्वास सोडणे), हा क्रम तुमच्या अंगवळणी पडला आहे. पोहताना पूरक तोंडाने करायचा असतो, कारण त्या क्षणभरात भरपूर हवा आत यायला मोठी वाट लागते, शिवाय ओल्या नाकातून हवा ओढली तर नाकपुडीशी लोंबणारा थेंबही आत जातो. रेचक नाकाने, किंवा नाक आणि तोंड दोन्हींनी, पाण्याखाली. कुंभक मात्र नाही. भिंतीला पाय रेटून पाण्यावरून नुसते सरकायचे असते तेव्हा पाच-सहा सेकंद श्वास धरला तर चालतो, आणि तुमच्या प्रशिक्षकांनी ‘श्वास रोखा’ असे सांगितले असेल तर ते बहुधा त्याच वेळचे असावे. हात मारायला सुरुवात झाली की पाण्याखालचा सगळा वेळ रेचकाचा असतो.

याच ठिकाणी एक धोक्याची सूचना देणे मला आवश्यक वाटते, कारण प्राणायाम करणाऱ्या मंडळींना याची कल्पना नसते. पाण्यात उतरण्यापूर्वी कपालभाती किंवा भस्त्रिका करून मग दम धरून पाण्याखाली राहण्याचा प्रयोग कधीही करू नका. जोरजोराने श्वास घेतल्या-सोडल्याने रक्तातला ऑक्सिजन फारसा वाढत नाही. निरोगी माणसाच्या रक्तात तो मुळातच पंचाण्णव टक्क्यांहून अधिक भरलेला असतो. कमी होतो तो कार्बन डायऑक्साइड, आणि श्वास घे असा इशारा देणारा तोच असतो. इशारा उशिरा येतो, ऑक्सिजन मात्र नेहमीच्या वेगाने संपत राहतो आणि माणूस कसलीही घुसमट न जाणवता पाण्याखाली बेशुद्ध पडतो. उत्तम पोहणाऱ्यांचे प्राण असे छातीएवढ्या पाण्यात गेलेले आहेत.

आता प्रत्यक्ष सरावाकडे वळू. त्याची सुरुवात घरच्या बेसिनपाशी करा. घसा दुखत असताना आपण गुळण्या करतो, तेव्हा मान मागे, घशात पाणी आणि तरीही पाणी श्वासनलिकेत जात नाही. कारण आपण त्या वेळी हवा बाहेर सोडत असतो. हवा बाहेर येत असली की पाणी आत येत नाही. त्याच क्षणी चुकून श्वास आत ओढला तर ठसका लागतो, हेही तुम्हाला ठाऊक आहे. म्हणजे पोहण्यातला निम्मा धडा तुम्ही लहानपणीच शिकलेल्या आहात. दुसरा प्रयोग चुळीचा : तोंडात चूळभर पाणी धरा आणि नाकाने शांतपणे दहा श्वास घ्या. तोंडात पाणी असणे आणि पाणी श्वासनलिकेत जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, जिभेचा मागचा भाग मध्ये दार लावून बसलेला असतो, हे एकदा कळले की पोहताना तोंडात आलेले घोटभर पाणी थुंकून देता येते आणि त्याची दहशत उरत नाही. त्यानंतर रुंद टबात किंवा घमेल्यात पाणी घेऊन त्यात चेहरा बुडवा आणि ओठ मिटून ‘म्म्म’ असा सूर काढा. ओठ मिटून सूर काढताना हवा नाकावाटेच बाहेर जाते, त्यामुळे नाकातून सोडते आहे की नाही याचा विचार करावा लागत नाही. सूर संपत आला की चेहरा वर, तोंडाने श्वास, पुन्हा खाली. हे करताना घरात कोणीतरी असू द्या.

तलावावर गेल्यावर पहिली दहा मिनिटे उथळ बाजूला कठड्याशी थांबा. मानेपर्यंतच्या पाण्यात छाती आवळल्यासारखी वाटत असेल तर तो तुमचा भ्रम नव्हे. पाणी छातीवर आणि पोटावर चोहोबाजूंनी दाब देत असते, त्यामुळे श्वास आत घ्यायला जमिनीपेक्षा खरोखरच थोडे अधिक कष्ट पडतात, सोडायला मात्र तोच दाब मदत करतो. त्याची सवय होण्यासाठी कंबरेपासून छातीपर्यंत आणि छातीपासून खांद्यांपर्यंत असे सावकाश उतरा. मग डुबक्या. कठडा धरून गुडघे वाकवायचे, डोके पूर्ण पाण्याखाली, सूर काढत हवा सोडायची, वर येता येता उरलेली हवा फुंकरीसारखी जोराने बाहेर टाकायची, तोंडाने एक श्वास आणि पुन्हा खाली. शेवटची ती फुंकर महत्त्वाची आहे. तिच्यामुळे ओठांवरचे पाणी उडून जाते आणि पुढचा श्वास कोरडा येतो. आधी पाच डुबक्या सलग, मग दहा, मग वीस. वीस डुबक्यांनंतर न थांबता एक लांब वाक्य बोलता आले तर लय जमली असे समजा. धाप लागली तर वेग कमी करा; संख्या वाढवू नका.

एक बारकावा इथे सांगायला हवा. ‘सोडा’ म्हटले की काही जणी पहिल्याच सेकंदात सगळी हवा सोडून देतात आणि मग उरलेला वेळ रिकाम्या छातीने तळमळतात. तसे करू नये. फुप्फुसे हाच आपला तरंगायचा भोपळा आहे; ती भरलेली असताना बहुतेक माणसे तरंगतात आणि पूर्ण रिकामी केली की बरीचशी बुडू लागतात. कितीही जोर लावला तरी साधारण एक लिटरभर हवा आत उरतेच, त्यामुळे रिकामे होण्याची भीती नको, पण घाईही नको. मंद धार सुरुवातीपासून चालू ठेवायची आणि तोंड बाहेर येण्याच्या क्षणी फुंकर. बुडबुड्यांचा आवाज कानांना एकसारखा ऐकू आला पाहिजे. तो तुटला की समजावे, आपण पुन्हा श्वास धरला.

एवढे जमल्यावर श्वास घेण्याकडे यायचे, आणि इथे सगळ्यांत मोठी चूक मानेची होते. घाबरलेले माणूस श्वासासाठी डोके वर उचलते. डोक्याचे वजन चार-पाच किलो असते. ते पाण्याबाहेर काढले की तेवढा भार पाण्याने उचलायचा राहतो आणि कंबर व पाय खाली जातात. पाय खाली गेले की ते वर आणण्यासाठी आपण जोरजोराने पाय मारतो, मांड्यांचे मोठे स्नायू ऑक्सिजन भराभर वापरतात आणि धाप आणखी वाढते. तुमची दमछाक दहाव्या मीटरवर दिसते, पण तिची सुरुवात पहिल्या श्वासाला मान उचलली तेव्हाच झालेली असते.

म्हणून मी ‘मान वळवा’ असे सांगतच नाही. ‘कूस बदला’ असे सांगते. झोपेत पालथ्याचे कुशीवर होताना आपण मान वेगळी आणि धड वेगळे वळवत नाही. खांदा, छाती, कंबर सगळे एकत्र वळते आणि मान त्यांच्याबरोबर येते. पाण्यातही अगदी तसेच. डावा हात पुढे लांबवलेला, डावा कान त्याच हाताला टेकलेला, उजवा खांदा आभाळाकडे. या स्थितीत तोंड आपोआप पाण्याबाहेर येते. एक गाल आणि एक गॉगल पाण्यातच राहिला पाहिजे. वेगाने पोहणाऱ्याच्या डोक्यासमोर पाण्याचा उंचवटा तयार होतो आणि गालाशेजारी खळगा पडतो. मुरलेली माणसे त्या खळग्यातून श्वास घेतात, म्हणून त्यांचे तोंड बाहेर आलेले दिसतही नाही. आपला वेग कमी असल्याने आपला खळगा अगदी लहान असतो. त्यामुळे सुरुवातीला थोडे अधिक वळा, छताकडे किंवा आभाळाकडे पाहा, त्यात काही बिघडत नाही. सराव असा करा : फळीवर एकच हात लांब ठेवायचा, दुसरा मांडीशी, हळू पाय मारत पालथे असताना हवा सोडायची, मग कूस बदलून कुशीवर हवे तेवढे श्वास घ्यायचे, एक घेतला तरी चालेल, तीन घेतले तरी चालतील, मग पुन्हा पालथे. कुशीवर निवांत राहता येते हे शरीराला पटले की घाई गळून पडते. माझ्याकडे येणाऱ्या प्रौढांपैकी बहुतेकांना मी या एका सरावावर आठवडाभर तरी ठेवते, आणि त्यांनी कितीही आग्रह केला तरी पुढे जाऊ देत नाही.

किती हातांनंतर श्वास घ्यावा, असे तुम्ही विचारलेले नाही, परंतु बॅचमधल्या मुली तुम्हाला ‘तीनला एक’ असे सांगत असतील, म्हणून लिहिते. सावकाश पोहताना एका हाताला साधारण दीड सेकंद लागतो असे धरा. दर दोन हातांना श्वास घेतला तर मिनिटाला वीस श्वास होतात. दर तीन हातांना घेतला तर तेरा-चौदा. आपण स्वस्थ बसलेलो असतानाही मिनिटाला बारा ते वीस श्वास घेतो. मग सगळे अंग कामाला लावून बसल्याजागेपेक्षा कमी श्वासांवर भागवण्याचा अट्टहास नवशिक्याने का करावा? तीनला एक या पद्धतीमुळे दोन्ही कुशींवर वळण्याची सवय लागते, तो तिचा खरा लाभ आहे, आणि तो पुढे कधीही मिळवता येईल. आज दर दोन हातांना, एकाच सोयीच्या कुशीवर, श्वास घ्या. दूरदर्शनवर पन्नास मीटरच्या शर्यतीत पोहणारे जवळजवळ श्वास न घेता जातात हे खरे, परंतु त्यांचे ते पोहणे बावीस-तेवीस सेकंदांत संपलेले असते. त्यांच्यावरून आपल्या श्वासाचे माप काढू नये.

पाय हळू मारा. एवढेच.

तुमच्या भीतीविषयी मी मुद्दाम शेवटाकडे लिहिते आहे, ती कमी महत्त्वाची आहे म्हणून नव्हे. वाईच्या घाटावर नऊ वर्षांच्या मुलीने जे अनुभवले ते खरे होते. नाकातोंडात पाणी गेले, श्वास मिळाला नाही, आणि तेव्हापासून पाणी म्हणजे श्वास बंद हे समीकरण शरीराने जपून ठेवले. आजही चेहरा पाण्याला लागला की तुम्ही दम धरता, त्यामागे हेच असणे शक्य आहे. म्हणून भीती आणि तंत्र या तुमच्याबाबतीत दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. भीतीमुळे श्वास धरला जातो, धरल्यामुळे घुसमट होते आणि घुसमटीमुळे त्या जुन्या भीतीला पुरावा मिळतो. हे चक्र समजावून तुटत नाही. उथळ पाण्यात, पाय तळाला टेकलेले असताना, शेकडो वेळा शांतपणे हवा सोडून तुटते. तुमच्या प्रशिक्षकांना कृष्णेतला तो प्रसंग अवश्य सांगा. तुम्हाला न विचारता कोणी डोके पाण्यात दाबू नये किंवा खोल बाजूला ढकलू नये, हे स्पष्ट शब्दांत सांगण्याचा तुम्हाला अधिकार आहे. ‘एकदा पाण्यात ढकलले की आपोआप येते’ हा समज आपल्याकडे फार जुना आहे आणि त्याने जितकी माणसे पोहायला शिकली त्याहून अधिक पाण्यापासून कायमची दुरावली, असे माझे मत आहे.

नाकाचा चिमटा सध्या नको. तो लावला की नाकाने सोडण्याचा सरावच होत नाही. नाकात पाणी जाऊन झोंबते त्याचे कारण तलावाच्या पाण्यात आपल्या शरीरातील द्रवांइतके मीठ नसते. जलनेतीसाठी, म्हणजे नाक पाण्याने धुण्यासाठी, आपण कोमट पाण्यात मीठ घालतो ते याचसाठी. मंद धार अखंड राहिली की झोंबणे थांबते. दोन महिने नीट प्रयत्न करूनही, किंवा सायनसच्या जुन्या त्रासामुळे, ते थांबले नाही तर चिमटा खुशाल वापरा; त्यात कमीपणा नाही. डोळ्यांना गॉगल मात्र पहिल्या दिवसापासून हवा, कारण डोळे मिटलेले असताना दिशा कळत नाही आणि मान आपोआप वर येते.

वयाबद्दल सांगायचे तर, लहान मुले लवकर शिकतात ती त्यांची फुप्फुसे मोठी असतात म्हणून नव्हे, तर त्यांनी पाण्यात खेळताना हजारो डुबक्या नकळत मारलेल्या असतात म्हणून. तुम्हाला त्या मोजून माराव्या लागतील. माझ्याकडे चाळिशी-पन्नाशीत आलेल्या, आठवड्यातून चार-पाच दिवस पाण्यात उतरणाऱ्या बहुतेक स्त्रियांना श्वासाची लय बसायला दीड-दोन महिने लागले, काहींना चार. साठ पार केलेल्या एका बाईंना पुरता पावसाळा लागला, आणि नंतर त्या सगळ्यांत संथ आणि सगळ्यांत लांब पोहू लागल्या. तुमच्या पाच आठवड्यांत हात आणि पाय तयार झालेले आहेत, तेव्हा तुम्हाला शून्यापासून सुरुवात करायची नाही.

येत्या सोमवारी बॅचला गेलात की २५ मीटरचा विचार बाजूला ठेवा. दहा मिनिटे डुबक्या, वीस मिनिटे फळी धरून कुशीवर वळणे आणि उरलेल्या वेळात सहा-सहा मीटरचे तुकडे : दोन हात, एक श्वास, दोन हात, एक श्वास आणि दम लागण्याच्या आधीच, स्वतःच्या इच्छेने, उभे राहणे. पुढच्या आठवड्यात सहाचे आठ करा, मग दहा. वीस डुबक्यांनंतर सहज बोलता येत नाही आणि उताणे होऊन मिनिटभर हातपाय न झाडता तरंगता येत नाही, तोवर खोल बाजूला जाऊ नका, कोणी कितीही बोलावले तरी.